सह्याद्रीच्या अलीकडचा समुद्र

साताऱ्याहून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णासुद्धा या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून सांगलीमार्गे बंगालच्या उपसागराकडे निघून जाते. अशा मुलखात घरी रीफ टँक ठेवायचा, तर समुद्राचे पाणीही घरीच बनवावे लागते. नवशिका या छंदाकडे रंगीत मासे आणि प्रवाळ पाहून येतो. टिकतो मात्र तोच, ज्याला पाण्याची गोडी लागते.

खाऱ्या पाण्याची तयारी सुरू होते गोड्या पाण्यापासून. साताऱ्यातल्या बऱ्याच घरांत कासच्या तलावाचे पाणी येते. जांभ्याच्या पठारावर साठलेले हे पावसाचे पाणी मुळातच हलके. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात बोअरचे पाणी पुष्कळदा जड लागते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचे दुखणे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण रीफ टँकसाठी दोन्ही पाणी सारखेच अपुरे. ते आरओ गाळणीतून काढायचे, पुढे डीआय रेझिनमधून सोडायचे आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत त्यात मीठ घालायचे नाही. मीठही स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे बरेच काही असते, म्हणून खास मरीन सॉल्ट घ्यावे लागते. प्रमाण लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो. रिफ्रॅक्टोमीटरवर सापेक्ष घनता 1.025 किंवा 1.026 आली की पाणी जमले.

मग थांबायचे. दगडांवर आणि वाळूत सूक्ष्मजीव वाढायचे असतात. ते विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. ही घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून त्याच दिवशी मासा आणून सोडण्याची घाई करणाऱ्याचा छंद इथेच संपतो.

टाकी चालू झाली की रोजचे काम म्हणजे उडालेले पाणी भरून काढणे. पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पातळी डोळ्यांदेखत उतरते. दगडी प्रवाळ असलेल्या टाकीत आणखी एक गोष्ट रोज कमी होत असते. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतो. कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी 8-9 डीकेएचच्या आसपास टिकवणे हीच या कलेची खरी परीक्षा. त्यासाठी महागडी रसायने मिळतात, पण सर्वांत सुंदर उपाय म्हणजे चुन्याची निवळी! जर्मनीत पीटर विल्केन्स यांनी ती रीफ टँकमध्ये रूढ केली, आणि जगभरचे छंदिष्ट तिला ‘काल्कवासर’ या जर्मन नावानेच ओळखतात. शुद्ध चुना आरओच्या पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी तेवढे घ्यायचे. भांडे झाकून ठेवायचे, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की वर दुधावर धरावी तशी साय धरते आणि निवळीतला दम जातो. ही निवळी रात्री थेंबथेंब सोडतात. दिवे मालवल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते, पाण्याचा पीएच उतरतो आणि तीव्र अल्कधर्मी निवळी तो सावरून धरते. उडालेल्या पाण्याची भरपाई, कॅल्शियम, अल्कलिनिटी, पीएच: चार कामे एका बादलीत.

तापमानाला मात्र असा स्वस्त उपाय नाही. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. प्रवाळाला बरेचसे अन्न आणि रंग या शैवालाकडून मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्रात हेच घडते आहे. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन, म्हणजे असे पांढरे पडणे, सुरू असल्याचे जाहीर केले. घरच्या टाकीत पंख्याने पाण्याचे तापमान दोन-तीन अंश उतरते. सांगलीच्या उन्हाळ्यात पुढे चिलरच लागतो. साताऱ्याला उंचीचा थोडा फायदा मिळतो.

चिलर, पंप आणि दिवे विजेवर चालतात, आणि पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटत जातो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्या वर गेली. शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात होता, वीजही नव्हती. माणसांचेच हाल होते तिथे टाकीचा विचार कोण करणार? म्हणून कृष्णाकाठी टाकी वरच्या मजल्यावर ठेवावी आणि बॅटरीवरचा एअर पंप पहिल्याच दिवशी घ्यावा. दिव्यांवर वाट्टेल तेवढा खर्च करून हा पंप टाळणे शहाणपणाचे नाही.

आता मुख्य गोष्ट. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाइतकेच संरक्षण, आणि गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद. परदेशात वाढवलेला दगडी प्रवाळ आणायचा, तर साइट्स कराराची कागदपत्रे लागतात. कागद दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून प्रवाळ घेऊच नये. दगड, त्यावर चढलेले जांभळे शैवाल आणि हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी एवढ्यावरही टाकी देखणी होते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने असे मासे पैदा करून दाखवले आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिला शोभेच्या कोळंब्या वाढवतात. या छंदाचे भवितव्य अशाच ठिकाणी आहे. समुद्रातून उपसून आणलेल्या जिवांत ते नाही.

आपल्याकडे खरा रीफ पाहायचा तर घाट उतरून मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात गढूळ आणि कमी खारट होणाऱ्या या पाण्यात प्रवाळ तग धरून आहेत. टाकीत ज्याने एक इंच प्रवाळ वाढताना पाहिला आहे, त्याला त्यांची किंमत अधिक कळते. सातारा-सांगलीहून सुटीत तिथे जाणाऱ्यांनी स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय देऊ नये, आणि किनाऱ्यावर पडलेला वाळका तुकडासुद्धा शोकेससाठी उचलून आणू नये. मेलेल्या प्रवाळालाही हाच कायदा लागू आहे.