अवजल

आमच्या वेळी राज्यसेवेची मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची. आम्ही घाबरायचोही त्याच प्रमाणात. मुख्यचा निकाल लागला की सदाशिव पेठेतला पोरगा अर्धा साहेब होऊन जायचा. चहावाला उधारी मागतानाही 'साहेब' म्हणायचा आणि मला ते पटायचं.

मुलाखतीसाठी मी कोट शिवला, बूट घेतले, अग्रलेख घोकले. जीएसटी, इराणचा अणुकरार, सगळ्यांवर माझी मतं तयार होती. अर्जात छंद म्हणून गिर्यारोहण लिहिलं, कारण खोलीतला जोडीदार म्हणाला, "वाचन सगळेच लिहितात." माझं गिर्यारोहण म्हणजे कराडजवळचा सदाशिवगड, तोही श्रावणी सोमवारी देवदर्शनाला.

पॅनेलला माझ्या मतांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांच्यासमोर माझा अर्ज होता आणि त्यावर पत्ता होता.

"कराडचे का? कोयना धरणाची क्षमता किती?"

"१०५ टीएमसी, सर."

"तिथला मोठा भूकंप?"

"११ डिसेंबर १९६७."

दोन्ही बरोबर. मी खुर्चीत जरा ऐसपैस झालो. मग एका सदस्यांनी अगदी सहज विचारलं, "कोयनेची वीज तयार झाल्यावर अवजल कुठं जातं?"

"कराडला, सर. प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं."

"सगळं?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. खरं तर मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मला त्या क्षणी चांगलंच कळलं होतं. पण कराडचा पोरगा कोयनेबद्दल 'माहीत नाही' कसं म्हणणार?

"हो सर, सगळं."

"मग पोफळीला काय आहे?"

"तिथं उपकेंद्र असावं."

"असावं?"

इथं तरी थांबायचं. मी म्हणालो, "सर, आमचं घर संगमाजवळच आहे."

कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

कोयनेचं वीजनिर्मितीचं बहुतेक पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं. पोफळीकडून ते वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून समुद्राला जातं. असं किती पाणी वळवायचं, याला बच्छावत लवादानं ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. पूर्वेला नदीत सोडतात, तेवढंच धरणाचं पाणी आमच्याकडं येतं. म्हणजे माझं पहिलं उत्तर निम्मंशिम्मं चाललं असतं. 'सगळं' या शब्दानं ते पार गेलं.

पुढं गिर्यारोहण निघालं. त्याबद्दल लिहीत नाही.

१०० पैकी ३८ गुण पडले आणि अंतिम यादीत नाव नव्हतं. पुढच्या वेळी मुख्यच हुकली. वडील उसाच्या बिलातून पैसे पाठवत राहिले. ते कधी काही बोलले नाहीत, आणि खर्च कसा भागतो हे मीही कधी विचारलं नाही. शेवटी कराडला परतलो.

आता एका पतसंस्थेत आहे आणि भरतीच्या वेळी टेबलाच्या पलीकडं बसतो. कुणी आधीच्या साहेबाची निंदा करतं, कुणी 'टॅली येतं' असं लिहितं आणि संगणकासमोर बसवलं की घामाघूम होतं. घाबरलेल्या पोरांना आम्ही सांभाळून घेतो. पण एक साधा प्रश्न मी मुद्दाम उमेदवाराच्या गावाबद्दल विचारतो. उत्तर चुकलं तरी चालतं. 'नक्की का?' म्हटल्यावर तो काय करतो, ते मी पाहतो.

२०१९च्या ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उघडले होते आणि कृष्णाकाठ पाण्याखाली होता. धरणातून किती पाणी सुटलंय, आपल्याकडं कधी पोचेल, हे विचारायला लोक तहसील कार्यालयाला फोनवर फोन करत होते. तिथं फोन घ्यायला 'हो सर, सगळं' म्हणणारा माणूस बसला असता, तर त्याच्या शब्दावर कुणीतरी जनावरं गोठ्यातच ठेवली असती. पॅनेलनं मला घेतलं नाही, ते बरोबरच केलं.