शिरपामाळची दाणावैरण

विजेची मोटार घेतल्यापासून आमच्या घरात एक नवीनच प्रश्न शिरला आहे. पूर्वी बाहेर पडताना आमची सौ. "गॅस बंद केलात ना?" असे विचारीत असे. आता ती "किती टक्के?" असे विचारते. पाहुणे असले तर ते चमकून आमच्या चिरंजीवांकडे पाहतात. त्यांना वाटते, परीक्षेचा निकाल लागला.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि जव्हारला जाऊन शिरपामाळ पाहून येण्याचे ठरले. आम्ही पार्ल्याचे. महामार्गाने मनोरपर्यंत, तिथून विक्रमगडवरून जव्हार, असा जवळजवळ दीडशे किलोमीटरचा रस्ता. गाडीची बॅटरी ३० युनिटांची. जाहिरातीत एका भरण्यात ती तीनशेच्या वर किलोमीटर धावते. पण जाहिरातीतल्या मोटारीत माझी आई, फराळाचे तीन डबे आणि खिडकी उघडायला नाखूश असलेले चिरंजीव बसलेले नसतात. आमचा अनुभव सपाटीवर युनिटाला ७ किलोमीटरांचा. म्हणजे जाणे निर्धास्त, येणे रामभरोसे. मधे कुठेतरी पोट भरून घेणे भाग होते.

तशी सोय मी आधी हेरून ठेवली होती. महामार्गाला लागून एक मोठे दुकान आहे. तिथे भाजीपासून खुर्चीपर्यंत सर्व मिळते आणि बाहेर चार्जिंगची व्यवस्था आहे, असे त्याच्या पाटीवरच लिहिलेले. आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र होते, पण त्याच्या पुढ्यात एक पेट्रोलची गाडी आरामात उभी होती आणि तिचे मालक आत पडद्याचे कापड निवडीत होते. वीस मिनिटांनी ते आले. मग यंत्राने माझ्याकडे मोबाइलवर नोंदणी मागितली, नोंदणी झाल्यावर पैसे मागितले आणि पैसे घेऊन ते मुके झाले. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "साहेब, आठ दिवस असंच आहे." एवढ्या वेळात सौ.ने आत जाऊन सहाशे रुपयांची खरेदी केली होती. दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर त्या यंत्राने आपले काम चोख केले, असेच म्हणावे लागेल!

विक्रमगड सोडल्यावर रस्ता चढू लागला. भाताची खाचरे कापून झाली होती, खळ्यांवर उडव्या रचलेल्या होत्या आणि गवत नुकते सोनेरी पडू लागले होते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. एवढा चढ चढायला आमच्या चौघांच्या गाडीला दोनेक युनिटे जादा लागतात. उतरताना एखादे परत मिळते, कारण उतारावर हीच मोटार चाकांच्या जोरावर स्वतःची बॅटरी भरून घेते. हे मी आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग आधी उतरायचं आणि मग चढायचं, असं नाही का करता येत?"

जव्हारच्या बाजारात शिरलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि आकडा चोवीस टक्क्यांवर होता. सात युनिटे शिल्लक आणि परतीला लागणार वीस. एका किराणा दुकानापुढे गाडी उभी केली. दुकानाला लागूनच त्याच मालकाची पिठाची गिरणी. मालक पन्नाशीचे, डोळ्यांवर पिठाने धुरकटलेला चष्मा. मी चाचरत विचारले, "शेठ, पंधरा अँपिअरचा प्लग मिळेल का? युनिटाचे पैसे देईन."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "तासाला किती ओढते?"

"तीनेक युनिटं."

"म्हणजे माझ्या दुकानाचे दिवे, पंखे आणि फ्रीज एकत्र केले तरी तुमची मोटार भारी." असे म्हणून त्यांनी फ्रीजशेजारचा प्लग दाखविला. दुकानाच्या मीटरवर त्यांना युनिट पंधरा रुपयांच्या आसपास पडते. मी वीस देणार, असे ठरले. ही विक्री कायदेशीर की काय, अशीही त्यांना शंका होती. ती मला दूर करता आली. मोटार चार्ज करून देणे ही वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे आणि तिला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच केला आहे. अर्थात रीतसर धंदा मांडायचा तर चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्गही आहे, हेही मी त्यांना सांगितले.

गाडी लावून आम्ही जीपने शिरपामाळ गाठला. जव्हारपासून तो जवळच. माळ म्हणजे खरोखरच माळ: उघडे पठार, भणाणता वारा, भगवा झेंडा आणि स्मारक. चिरंजीवांनी विचारले, "पाहायचं काय इथे?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. इथे पाहायचे थोडे आणि आठवायचे फार. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. तिकडे जाताना त्यांचा तळ या माळावर पडला होता आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी इथे त्यांचे स्वागत करून त्यांना मानाचा शिरपेच अर्पण केला, असे परंपरा सांगते. त्या शिरपेचावरून हा शिरपामाळ. पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी याच जव्हारवर चाल करून ते काबीज केले, ही गोष्ट स्मारकापाशी उभे राहून कोणी सांगत नाही. पण राजकारणाचा शिरपेच नेहमी एकाच डोक्यावर राहत नाही, हे आपण आजही पाहतोच.

जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. त्यांचा मूळ पुरुष जयबा. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सारा डोंगर वेढला, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट सांगताच चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही पार्किंगची जागा अशीच मागायला हवी होती."

ते हसण्यावारी गेले, पण मुद्दा खरा होता. आमच्या सोसायटीत पार्किंगपाशी चार्जिंगचा प्लग बसविण्यासाठी मी दीड वर्ष सभांमधून भांडलो आहे. माझे भाग्य, की शेवटी मिळाला. पार्ल्या-दादरच्या कितीतरी बिऱ्हाडांची मोटार रस्त्यावरच झोपते. अशांना घराजवळच्या दुकानातला प्लग म्हणजे चैन नव्हे, तो त्यांचा गोठाच आहे. उलट ज्याच्या घरी प्लग आहे, तो तीन किलोमीटरवरच्या दुकानात साखर आणायला जाऊन तिथे अर्धा तास गाडी कशाला लावील? अर्ध्या तासात दीड युनिट, म्हणजे दहा किलोमीटर! दुकानदाराने जलद चार्जिंगचे मोठे यंत्र आणले तर ही अडचण सुटते. पण त्याला भारी जोडणी लागते, खर्च लाखांत जातो आणि गिऱ्हाईक येवो न येवो, वीजजोडणीचा स्थिर आकार दर महिन्याला हजर होतो. नुसत्या युनिटामागच्या पाच-सात रुपयांवर तो कसा निघावा? तो निघाला तर पडद्याच्या कापडावरच निघायचा.

माळावर बसून फराळ करताना मला त्या घोडदळाचे कुतूहल वाटू लागले. काही हजार घोडी इथे उभी राहिली असतील, तर त्यांच्या दाण्यावैरणीची, पाण्याची सोय कशी झाली असेल? स्वार काही वैरण शोधण्यासाठी थांबत नसे. जिथे तळ पडे, तिथेच घोड्यापुढे वैरण पडे. माणूस जेवतो, झोपतो, तोवर जनावर चरते. मोटारीचेही असेच असावे. पेट्रोल पाच मिनिटांत भरते म्हणून आपण त्याच्यासाठी वाकडी वाट करून पंपावर जातो. वीज मुकाट्याने हळूहळू भरते. तिच्यासाठी थांबायचे म्हटले तर जीव जातो; आपण थांबलो असताना ती भरली तर कळतही नाही. मग चार्जिंगची जागा कोणती? जिथे माणसाचा वेळ असाही जाणारच आहे ती. या हिशेबाने महामार्गावरच्या त्या चकचकीत दुकानापेक्षा जव्हारचा हा फ्रीजशेजारचा प्लग मला अधिक शहाणपणाचा वाटला. इथे आलेला माणूस राजवाडा पाहतो, दाभोसाचा धबधबा पाहतो, जेवतो. चार-पाच तास कुठे जात नाही.

अशा समाधानात एकच्या सुमारास परतलो, तो गाडी थंड. बारा वाजताच वीज गेली होती. सव्वा तासात पावणेचार युनिटे काय ती मिळाली. गिरणीपुढे पायरीवर एक बाई बसलेली. शेजारी नागलीचे गाठोडे. लांबच्या पाड्यावरून ती पायी आली होती आणि अकरापासून आपल्या पाळीची वाट पाहत होती. आम्ही बसलो तेवढ्यात वीज आली, पण दाब कमी. दिवा पिवळा पडलेला. मालक गिरणीचा खटका दाबायला गेले आणि थबकले.

"साहेब, अशा दाबावर दोन्ही नाही चालणार. मोटर उचलणार नाही, नाहीतर फ्यूज जाईल. तुमची गाडी लावू, का दळण?"

त्यांनी प्रश्न मला विचारला, हेच मला लागले. मी वीस रुपये युनिट देणारा मुंबईचा साहेब. ती बाई किलोमागे थोडक्या रुपयांची गिऱ्हाईक. तिने तर मान वर करूनही पाहिले नाही. थांबावे लागणार, हे तिने गृहीतच धरले होते. मला एकदम शेजारचा मोखाडा तालुका आठवला. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना येते. मोडकसागर १९५७ चा, मध्य वैतरणा अलीकडचे, मोखाडा तालुक्यातच बांधलेले. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी आम्ही नेतोच आहोत. आता दळणाची वीजही?

मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "अहो, दळण आधी. गाडीला काय भूक लागलीय थोडीच!"

गिरणी सुरू झाली. त्या बाईमागून आणखी दोघी आल्या. दोन वाजेपर्यंत दळण चालले. बाईने पिठाचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि जाताना आईकडे पाहून हसली. पुढे पाच वाजेपर्यंत गाडीने आणखी नऊ युनिटे घेतली. तेवढ्यात आम्ही खानावळीत जेवलो, सौ.ने दोन किलो नागलीचे पीठ, कुळीथ आणि वारली चित्रांची एक पाटी घेतली. मालकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पावणेतेरा युनिटांचे दोनशे पंचावन्न रुपये. त्यात त्यांना सुटले चौसष्ट. दुकानातली आमची खरेदी साडेचारशेची.

"म्हणजे वीज हे निमित्त," ते चष्मा पुसत म्हणाले, "खरा धंदा नागलीचा."

"पण दुसरी गाडी आली तर?"

"तर दुसरा प्लग लागेल. आणि दुसरा प्लग म्हटला की मंजूर भार वाढवा, नवी वायर ओढा. वर्षात गाड्या येणार किती? पावसात धबधब्याची माणसं आणि दिवाळीत तुम्ही." बॅटरी-बिटरी काही न शिकलेल्या या माणसाने सगळा प्रश्न तीन वाक्यांत मांडला. मी त्यांना म्हणालो, की पंधरा अँपिअरचा आणखी एक प्लग काही हजारांत होईल. लाखांच्या यंत्राच्या मोहात मात्र पडू नका.

परतताना उताराने आपला शब्द पाळला. एक युनिट परत दिले. तरी भरवशासाठी महामार्गावर एका खाणावळीपाशी जलद यंत्रावर गाडी लावली. ते यंत्र चालू होते, हे आवर्जून सांगतो. चहा आणि भजी होईपर्यंत वीस मिनिटांत आठ युनिटे. जव्हारच्या प्लगला तेवढ्यासाठी अडीच तासांहून अधिक लागले असते. भज्यांची किंमत मात्र जव्हारच्या जेवणाएवढी होती.

मे महिन्यात गिरणीवाल्यांचा फोन आला. त्यांनी दुसरा प्लग बसविला होता आणि बाहेर पाटी लावली होती. पाटीवर काय लिहिले, ते त्यांनी वाचूनच दाखविले: "मोटार चार्जिंग मिळेल. दळण चालू असताना बंद राहील." उन्हाळ्याच्या सुटीत तीन गाड्या येऊन गेल्या होत्या. दोघांनी बरीच खरेदी केली. तिसरा चार तास गाडी लावून बसला, वीज घेतली, पैसे दिले आणि निघून गेला.

"एक बिस्किटाचा पुडासुद्धा घेतला नाही हो," ते म्हणाले. "मुंबईचाच होता."