बांधापलीकडचा माणूस

आषाढी वारीत माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरीकडे जाते. त्या दिवसांत माळशिरस तालुक्याचं औदार्य उभ्या महाराष्ट्राला दिसतं. ते खरंच असतं; पण शेजारधर्माचा पुरावा म्हणून मला अपुरं वाटतं. वारकऱ्याला वाढलेल्या भाकरीत पुण्याचा वाटा असतो, शिवाय तो उद्या पुढच्या गावी जाणार असतो. शेजाऱ्याची परीक्षा उरलेल्या वर्षात होते, आणि तीही ज्यानं मागच्या नांगरटीत आपला वीतभर बांध कोरला त्याच्याच बाबतीत.

नीरा उजव्या कालव्याखालचं रान घ्या. शेजपाळीत पाणी ठरल्या क्रमानं मिळतं. आपली पाळी रात्री दोनला आली तर दोनलाच. घरात दुखणं असलं की शेजारी म्हणतो, ‘तू दवाखान्यात जा, तुझं दारं मी धरतो.’ दारं धरणं म्हणजे बॅटरीच्या उजेडात खोऱ्यानं एका सरीचं तोंड बांधायचं, दुसरीचं फोडायचं आणि सरी भरेस्तोवर चिखलात उभं राहायचं. डुलकी लागली नि पाट फुटला तर पाणी ओढ्याला. रानाची वाट किंवा पाणी कुणी अडवलं तर 1906च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. तहसीलदार वाट मोकळी करून देईल, पण शेजाऱ्याचं दारं धर, असा हुकूम तो कुणाला देणार?

कुणी म्हणेल, हा सगळा देवघेवीचाच मामला. सावडीत एक दिवस खुरपायला गेलं की एक दिवस परत मिळायचाच. इर्जिकीला बैल आणणाऱ्याला जेवण ठरलेलं. कबूल. म्हणूनच ट्रॅक्टर आणि रोजंदारी आल्यावर सावड विरली. हिशेब पैशात भागला. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा भिंतीपलीकडून येणारी पिठलं-भाकरी मात्र थांबली नाही. ती फेडायची तर शेजाऱ्याच्या घरी कुणी मरावं लागेल, आणि असला हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. गावकुसाबाहेरच्या घरांना हा शेजार पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नाही. त्यांच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतलं गेलं. जुन्या गावाचे गोडवे गाताना हे सोईस्कर गाळलं जातं. मला त्यातून एवढं दिसतं, की मदत कुणाच्या रक्तात नव्हती. कुणाला करायची हे माणूस ठरवत होता. गेलेल्या शेजाऱ्याला ‘देवमाणूस’ म्हणून मोकळं होणं मला खटकतं ते त्यामुळंच. त्यालाही झोप होती, त्याचाही ऊस तहानलेला होता, बांधाचा राग डोक्यात होता. तरी खोरं घेऊन तो आला. आणि कुणाच्या उंबऱ्याला जायचं नाही, हेही त्यानंच ठरवलं होतं.