तेलाच्या टाकीतला प्रकाश

लंडनला जाऊन आलेला मनुष्य राजवाडा, टॉवर ब्रिज आणि मेणाचे पुतळे यांविषयी बोलला नाही, तर ऐकणाऱ्याची थोडी निराशाच होते. ही सारी स्थळे मीही पाहिली आणि परतल्यावर त्यांची वर्णने शेजाऱ्यापाजाऱ्यांना यथासांग ऐकवली. परंतु २०१२ सालच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुटीत, धाकट्या बहिणीकडे जो पंधरवडा काढला, त्यातले एक दृश्य मी आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. ते एका जुन्या वीजकेंद्राच्या तेलाच्या टाकीतले आहे. न सांगण्याचे कारण असे, की त्या दृश्याशी माझ्या हातून घडलेली एक चूक जोडलेली आहे.

बहिणीचे घर वेम्बलीला. भाचा तिथल्या एका कलाशाळेत शिकत होता. एके सकाळी तो म्हणाला, "मामा, आज तुम्हाला सिनेमा दाखवतो. मात्र खुर्ची नाही, गोष्ट नाही आणि नट तर एकही नाही."

मी म्हटले, "मग आहे तरी काय त्यात?"

तो हसून म्हणाला, "प्रोजेक्टर."

भुयारी रेल्वेने सदर्क स्थानकावर उतरून आम्ही थेम्सच्या दक्षिण काठाकडे चालू लागलो. थोड्याच वेळात विटांची एक प्रचंड इमारत आणि तिच्या मधोमध उभे असलेले ९९ मीटर उंचीचे धुराडे दिसू लागले. प्रथमदर्शनी एखादी कापडगिरणीच वाटावी. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पकाराने आखलेले हे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० साली त्याच वास्तूत 'टेट मॉडर्न' हे आधुनिक कलेचे संग्रहालय सुरू झाले. नदीच्या पलीकडे सेंट पॉलचा घुमट, अलीकडे हे धुराडे आणि दोहोंमध्ये पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला एक नाजूक पूल, अशी ती मोठी विलक्षण जागा आहे. प्रवेशाला तिकीट नव्हते. आमच्यासारख्या शिक्षकी पेशातल्या माणसाला त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

वीजकेंद्र चालू असताना त्याचे तेल जमिनीखालच्या तीन मोठ्या गोल टाक्यांत साठवले जाई. सुमारे ३० मीटर व्यासाच्या या टाक्या रिकाम्या करून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्या कलाप्रयोगांसाठी खुल्या करण्यात आल्या होत्या. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही. उघडे करडे काँक्रीट तसेच ठेवलेले. भाच्यामागून मी त्या अंधाऱ्या भागात शिरलो आणि काही दिसण्याआधीच एक आवाज कानी आला. खड्-खड्-खड्-खड्, एका लयीत, न थांबता.

तो आवाज मी लंडनमध्ये ऐकेन असे स्वप्नातही वाटले नव्हते. आमच्या शाळेच्या सभागृहात, खिडक्यांना काळे कापड लावून, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर सुरू केला की हाच आवाज येई. ज्या शाळेचा मी आज मुख्याध्यापक आहे, त्याच शाळेत मी विद्यार्थी होतो. बेळगाव भागातल्या एका लहान गावची ही सरकारी शाळा. वर्षातून तीन-चारदा फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट येत. शाळेचे शिपाईकाका यंत्रावर रीळ चढवत आणि आम्ही मुले पडद्याऐवजी त्यांच्या बोटांकडेच पाहत बसू. फीत दातेरी चाकांवरून नेऊन झरोक्याच्या वर आणि खाली तिचे एकेक सैल वळण ठेवावे लागे. ते वळण लहान पडले तर चित्र थरथरू लागे, प्रसंगी फीत फाटे. कारण चाके फीत अखंड ओढत असतात आणि झरोक्यापाशी मात्र तिला सेकंदाला चोवीस वेळा थांबवून पुढे खेचावे लागते. या दोन गतींमधला तंटा ते सैल वळण मिटवते. काका म्हणत, "पोरांनो, थोडी ढील ठेवली की सगळं नीट चालतंय."

टाकीतला प्रयोग 'लाइट म्युझिक' या नावाचा होता. लिस ऱ्होड्स या इंग्रज चित्रकर्तीने तो १९७५ मध्ये रचला. खोलीच्या दोन बाजूंस समोरासमोर दोन पडदे होते आणि दोन प्रोजेक्टर एकमेकांच्या दिशेने प्रकाश फेकत होते. पडद्यांवर काळ्या-पांढऱ्या रेषा, कधी जाड, कधी केसासारख्या बारीक, आडव्या धावत होत्या. त्यांच्याबरोबर गुरगुरणारा, कधी कर्कश होणारा एक नाद चालला होता. प्रेक्षक मध्ये उभे होते, फिरत होते. पोरे स्वतःची सावली पडद्यावर पाडून नाचत होती. कोणी कोणाला "खाली बसा" म्हणत नव्हते.

पाच मिनिटे मी गोंधळून उभा राहिलो. मग त्यातली खुबी ध्यानात आली. बोलपटाच्या फितीवर चित्रांच्या शेजारी ध्वनीची एक चिंचोळी पट्टी असते. प्रोजेक्टरमधल्या एका लहानशा दिव्याचा प्रकाश या पट्टीतून जातो. पट्टीवरच्या कमी-अधिक काळेपणानुसार तो मंद-प्रखर होतो. पलीकडचा प्रकाश-विद्युत घट त्याचे विजेत रूपांतर करतो आणि ती वीज ध्वनिवर्धकातून आवाज होऊन बाहेर पडते. ऱ्होड्सबाईंनी केले ते एवढेच, की चित्राच्या जागी ज्या रेषा काढल्या त्याच ध्वनीच्या पट्टीवरही येऊ दिल्या. म्हणून जे डोळ्यांना दिसत होते तेच कानांना ऐकू येत होते. रेषा जाड आणि विरळ असल्या की स्वर खर्जात उतरे, बारीक आणि दाट झाल्या की वर चढे. वेगळे वाद्य नाही, वादक नाही. प्रोजेक्टर हेच वाद्य. युरोपीय संगीताच्या इतिहासात स्त्री संगीतरचनाकारांकडे किती कमी लक्ष दिले गेले, या विचारातून हा प्रयोग त्यांना सुचला. तो माहिती असला की त्या गुरगुरण्यामागची जिद्दही ऐकू येऊ लागते.

भाच्याने पुढे पुष्कळ सांगितले. १९६६ मध्ये लंडनमध्ये चित्रपटकारांची एक सहकारी संस्था निघाली. तिथे कलावंत स्वतःच फीत धूत, स्वतःच तिच्या प्रती काढत आणि स्वतःच यंत्रावर चढवून दाखवत. धंद्याच्या सिनेमात प्रोजेक्टर भिंतीमागच्या खोलीत दडवलेला असतो. या मंडळींनी त्याला उचलून प्रेक्षकांच्या मध्ये आणून ठेवले. गाय शेरविन नावाच्या चित्रपटकाराचा 'मॅन विथ मिरर' हा १९७६ चा प्रयोग त्याने वर्णन करून सांगितला. त्यात कलावंत हातातला आरसा प्रोजेक्टरसमोर फिरवत उभा राहतो. आरशाची एक बाजू पांढरी रंगवलेली असते आणि तिच्यावर त्याचीच तरुणपणी घेतलेली छबी उमटते. फीत तीच राहिली, तो मात्र दरवर्षी म्हातारा होत गेला. तरुण छबी आणि पिकलेले केस एकाच चौकटीत येतात. ऐकतानाच माझ्या अंगावर काटा आला.

टाकीत हलके धुके सोडलेले होते आणि त्यामुळे प्रकाशाचे झोत हाताने धरता येतील असे ठसठशीत दिसत होते. अँथनी मॅककॉल या कलावंताने १९७३ मध्ये केवळ अशा झोताचीच कलाकृती केली होती. अर्ध्या तासात एका ठिपक्यापासून हळूहळू पूर्ण वर्तुळ काढले जाते आणि अंधारात तेवढ्या वेळात प्रकाशाचा एक पोकळ शंकू उभा राहतो. न्यूयॉर्कच्या जुन्या माळ्यांवर धूळ आणि सिगारेटचा धूर असे, म्हणून तो सहज दिसे. पुढे स्वच्छ कलादालनांत तो दिसेनासा झाला आणि यंत्राने धुके सोडावे लागले. हे ऐकून मला हसू आले. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा पुढच्या रांगेत मातीवर उताणे पडून आम्ही डोक्यावरून जाणारा तोच झोत पाहत असू. धूळ जत्रेची आणि धूर विड्यांचा. त्याला कोणी कला म्हटले नाही, आणि आम्हीही ते मागितले नाही.

एवढ्यात एका यंत्राचा सूर बिघडला. काळा सदरा घातलेली एक तरुण मुलगी लगबगीने आली. तिने यंत्र थांबवले, लहान कुंचल्याने झरोका झाडला, फीत काढून पुन्हा चढवली आणि बोटाने ते सैल वळण नीट केले. अगदी आमच्या काकांसारखे. यंत्र पुन्हा खडखडू लागले. दहा-बारा माणसे तिच्या हाताकडे टक लावून पाहत होती. त्यांत मीही होतो, आणि त्या गर्दीत मलाच काय ते मान खाली घालावीशी वाटत होती.

त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, शाळेच्या डेडस्टॉक नोंदवहीतून आमचा प्रोजेक्टर मीच कमी केला होता. तपासणी जवळ आली होती. कपाट रिकामे हवे होते. 'वापरात नाही, दुरुस्ती परवडणारी नाही' अशी कानडीत टिप्पणी लिहून मी खाली सही केली. प्रत्यक्षात दुरुस्ती परवडेल की नाही याची मी चौकशीच केली नव्हती. यंत्र चालू आहे का, हेदेखील लावून पाहिले नव्हते. तुटक्या बाकांबरोबर, पत्र्याच्या पिंपांबरोबर ते लिलावात गेले. वरून तसा हुकूम नव्हता. दोष द्यायचा तर तो माझ्याच सहीला द्यावा लागतो.

परतीच्या गाडीत भाच्याला हे सांगितले. तो काही बोलला नाही, पण मग त्याने मला त्या वेळची परिस्थिती समजावून दिली. आदल्याच वर्षी, २०११ च्या फेब्रुवारीत, लंडनमधल्या एका प्रयोगशाळेने सोळा मिलिमीटरच्या प्रती काढणे अचानक थांबवले होते आणि टॅसिटा डीन या चित्रपटकर्तीने त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला होता. त्यानंतर त्याच संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये तिने १३ मीटर उंचीच्या पडद्यावर 'फिल्म' नावाचीच मूक फीत कित्येक महिने दाखवली. २०१२ च्या जानेवारीत तर कोडॅक कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. फीत प्रत्येक खेळाला थोडी झिजते, म्हणून नवी प्रत काढणारा हवा. दिवा जातो, म्हणून दिवा मिळायला हवा. आणि हे सगळे असून हात नसतील तर यंत्र म्हणजे नुसते लोखंड.

आपल्या देशातही अशी हळहळ आहे. ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ मध्ये नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र आणणारी एक कार्यशाळा चालवली. नलिनी मालानी तिथे प्रयोग करत होत्या. तिथेच पदमसींनी 'सिझिजी' आणि 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' हे दोन लघुपट केले. दुसऱ्याची एकुलती एक प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. पुढे अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या चित्रपटावर एक चित्रपट केला. तो २०१६ मध्ये आला. आठवणीवरून जेवढे उभे करता आले तेवढे उभे झाले. मूळ प्रत काही परत आली नाही.

सुटीहून आल्यावर पहिल्याच रविवारी मी निवृत्त शिपाईकाकांच्या घरी गेलो. लंडनची हकीकत सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "सर, त्या बाईनं वळण किती बोटांचं ठेवलं?" मला सांगता आले नाही. मग मी नोंदवहीची गोष्ट काढली. काका म्हणाले, "मला माहीत होतं सर. लिलावाच्या दिवशी मी फाटकापाशीच होतो. तुम्ही विचारलं असतं तर लावून दाखवलं असतं." त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

उठताना त्यांनी आतून एक लहानसा पुठ्ठ्याचा डबा आणून दिला. त्यात कापसात गुंडाळलेला एक बोटाएवढा दिवा होता. ध्वनीच्या पट्टीवर प्रकाश टाकणारा. "शाळेचाच आहे. जादा आला होता, सांभाळायला माझ्याकडे होता," ते म्हणाले.

तो दिवा आता विज्ञानाच्या कपाटात आहे. त्याची नोंद मी डेडस्टॉक वहीत स्वतःच्या हाताने चढवली. त्या वर्षी आणि त्यानंतर प्रत्येक दिवाळीनंतर काका आठवीच्या वर्गावर येत. रीळ नाही, यंत्र नाही. कापडाची एक लांब पट्टी घेऊन ते दोन पेन्सिलींभोवती फिरवत आणि वळण कसे ठेवायचे ते मुलांना दाखवत. २०१९ मध्ये ते गेले. आता ते मी दाखवतो. मला तेवढे नीट जमत नाही, पण मुले पेन्सिली मागून घेतात आणि स्वतः करून पाहतात.