दाम्मेची उघाडी

बेल्जियममधील ब्रुगे शहराच्या वेशीबाहेरून जो कालवा सरळ रेषेत ईशान्येकडे दाम्मे या गावी जातो, त्याच्या काठाने, दोन दिवसांचा पाऊस नुकताच उघडलेल्या ऑक्टोबरातील एका सकाळी, मी आणि माझी पुतणी पायी निघालो. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटरांचे. हंगामात याच पाण्यावरून जुन्या धाटणीची एक बोट प्रवाशांना अर्ध्या-पाऊण तासात तिकडे पोहोचवते. परंतु ज्या गावी आता कोणी घाईने जात नाही तेथे आपणही घाईने जाऊ नये, असे मला वाटले आणि पुतणीने ते विनातक्रार मान्य केले. ती गेली अकरा वर्षे गेंट शहरी राहते. त्या मुलखाची फ्लेमिश बोली तिच्या जिभेवर पुरती बसलेली आहे, आणि पुढे जे काही माझ्या कानी पडले ते बहुतांशी तिच्याच मुखातून.

कालव्याच्या दोन्ही तीरांवर पॉपलर वृक्षांच्या दीर्घ रांगा आहेत. पश्चिमेच्या समुद्रावरून या सपाट प्रदेशात विनाअडथळा शिरणारा वारा पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेत, त्या साऱ्या वृक्षांनी एकाच दिशेला अंग कलते केले आहे; त्यामुळे हवा पूर्ण स्तब्ध असतानाही तेथे वारा वाहत असल्याचा भास होतो. हा कालवा नेपोलियनच्या हुकुमाने, १८१० च्या सुमारास, खणावयास घेतला गेला. ब्रिटिश आरमाराला टाळून ब्रुगेपासून स्खेल्ट नदीपर्यंत आतल्या आत जलमार्ग सिद्ध करावा, असा तो मनसुबा होता, आणि खणावयास लावलेले मजूर म्हणजे युद्धात पकडलेले स्पॅनिश कैदी. बादशहाचा पाडाव झाला, काम रेंगाळले, आणि कालवा सरहद्दीपलीकडच्या स्लाउस या डच गावापाशी संपला तो संपलाच. ज्यांनी तो खणला त्यांची नावे कोठे आहेत, हे मी वाटेत शोधीत होतो. मला एकही आढळले नाही.

दाम्मे दिसते ते आधी त्याच्या मनोऱ्याने. चौकोनी, बोथट माथ्याचा, विटांचा हा मनोरा दुरून एखाद्या गढीच्या बुरुजासारखा भासतो. गाव म्हणाल तर एक चौक, त्यातून निघणारा एक मुख्य रस्ता, आणि त्याच्या दोहो बाजूंस पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्याची विटांची घरे. पण चौकात पाऊल टाकताच मनुष्य थबकतो. कारण त्या इवल्याशा वस्तीच्या मधोमध १४६४ साली बांधावयास घेतलेला जो नगरमहाल उभा आहे, तो आसपासच्या घरांच्या मानाने इतका भव्य, त्याचे कोनाडे राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांनी इतके मंडित, की हा कारभार कोणाचा, ही जकात कोणत्या मालावर आणि ही सत्ता कोणत्या प्रजेवर, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

त्याचे उत्तर पाण्यात आहे, आणि ते पाणी आता तेथे नाही. ११३४ साली एका प्रचंड वादळाने समुद्र या किनाऱ्यावर आत घुसला आणि झ्विन नावाची रुंद खाडी जमिनीत खोलवर निर्माण झाली, असे परंपरा सांगते. त्या खाडीच्या आतल्या टोकाशी बांध घातला गेला. बांधाला तिकडच्या भाषेत ‘दाम’ म्हणतात, आणि बांधापाशी वसलेले गाव ते दाम्मे. ११८० मध्ये फ्लँडर्सचा अधिपती, अल्सासचा फिलिप, याने गावाला नगरपणाची सनद दिली. पुढची दोन शतके ब्रुगेला जाणाऱ्या दर्यावर्दी मालाची चढउतार येथे होत असे. बोर्दोचे द्राक्षमद्य पिंपांनी येथे उतरे, खारवलेल्या हेरिंग मासळीचा मोठा व्यापार येथे चाले, आणि फ्रान्सच्या ओलेरों बेटावरील निवाड्यांच्या आधारे खलाशी व तांडेलांमधील तंट्यांचा जो सागरी कायदा उत्तरेच्या बंदरांत मानला जाई, तो ‘दाम्मेचा कायदा’ म्हणूनच ओळखला जाई. १२१३ साली फ्रान्सच्या राजाच्या आरमाराचा मोठा भाग इंग्रजांनी याच पाण्यात उद्ध्वस्त केला. मी जेथे उभा होतो तेथून तेव्हा डोलकाठ्यांचे अरण्य दिसले असेल. आता दिसत होते ते एका खानावळीबाहेर उलटून ठेवलेले बाक आणि दगडी फरसबंदीवर पडलेली लिंडन वृक्षाची पिवळी पाने.

३ जुलै १४६८ रोजी, भल्या पहाटे, बर्गंडीचा ड्यूक शार्ल आणि इंग्लंडच्या राजाची बहीण यॉर्कची मार्गारेट यांचा विवाह याच गावातील एका घरात लागला. ते घर अजून उभे आहे. पुढचे नऊ-दहा दिवसांचे सोहळे ब्रुगेला झाले. परंतु त्याही वेळी खाडी गाळाने भरत चालली होती, मोठी जहाजे दाम्मेपर्यंत येईनाशी होऊन पुढच्या स्लाउस बंदराशी नांगर टाकीत होती, आणि नगरमहालाचे शेवटचे दगड बसत होते ते ज्या वैभवासाठी, त्याची ओहोटी आधीच लागलेली होती.

चौकातील पुतळा मात्र राजाचा नव्हे, कवीचा आहे. याकोब फान मार्लांट हा तेराव्या शतकातील पंडित. लॅटिन ही विद्वानांची भाषा असताना याने जगाचा इतिहास, पशुपक्ष्यांचे व वनस्पतींचे वर्णन, बायबलची कथा हे सारे लोकांच्या बोलीत पद्यबद्ध केले. नेवाशास ज्ञानदेव गीतेचा अर्थ मराठीत आणीत होते तो काळ आणि हा काळ जवळजवळ एकच. या योगायोगाचा मला त्या थंड चौकात इतका आनंद झाला, की पुतणीने ‘काका, चला, गारठाल’ म्हणेपर्यंत मी त्या पुतळ्यापाशीच उभा होतो. त्याच्या भोवती आज जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, कारण १९९७ पासून दाम्मे हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून मानले जाते; भाषेची ज्याने पायाभरणी केली त्याच्या गावी पुस्तके यावीत, हे अगदी उचित झाले.

चर्चविषयी मात्र मला अधिक सांगितले पाहिजे. बंदराच्या भरभराटीत बांधलेले हे देवालय इतके विशाल होते, की वैभव ओसरल्यावर गावकऱ्यांना त्याची डागडुजी झेपेना. अखेर १७२५ मध्ये त्यांनी मधला भाग स्वतःच उतरवला. म्हणून आज एका टोकाला मनोरा, दुसऱ्या टोकाला प्रार्थनेपुरता राखलेला भाग, आणि दोहोंच्या मध्ये छप्पर नसलेल्या कमानी व मोकळे आकाश, अशी त्याची स्थिती आहे. पडके म्हणावे तर ते नव्हे. कारण गवत कापलेले, दगड साफ, कमानींच्या सांध्यांत नवा चुना भरलेला. जे पेलत नाही ते विचारपूर्वक उतरवायचे आणि जे उरले त्याची निगा राखावयाची, हा या लोकांचा स्वभाव मला तेथे प्रथम दिसला आणि पुढे दोन दिवस सर्वत्र दिसत राहिला.

मनोऱ्यावर चढल्यावर जो मुलूख खाली पसरलेला दिसतो, त्याचे वर्णन मला सोपे नाही, कारण त्यात वर्णन करण्याजोगे असे काहीच उठून दिसत नाही. टेकडी नाही, उतार नाही. गावाभोवती स्पॅनिश अमलात उभारलेल्या तटबंदीच्या चांदणीच्या आकाराच्या खुणा, आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत हिरवी सपाटी. पण हळूहळू डोळा सरावला आणि मला त्या सपाटीत रेषा दिसू लागल्या. काही ठिकाणी जमीन हातभर उंच उठून वळणे घेत जात होती, आणि त्या उंचवट्यांवर शेंडे छाटलेल्या वाळुंजांच्या रांगा होत्या. माझ्या तोंडून एकदम निघून गेले, ‘हे तर बांध आहेत. ही सगळी खारजमीन आहे.’

माझे बालपण धरमतरच्या खाडीकाठी गेले. भरतीचे पाणी बाहेर ठेवणारा मातीचा बांध, ओहोटीला शेतातील पाणी बाहेर जाऊ देणारी आणि भरती लागताच मिटणारी उघाडी, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरणारी माणसे, आणि बांधाला खांड पडली की साऱ्या गावात उठणारी आरोळी, हे सारे मी पुस्तकात वाचलेले नाही. म्हणून त्या परक्या मनोऱ्यावर मला जे ओळखीचे दिसले, त्याने माझा दाम्मेचा मुक्काम पार बदलून टाकला.

आमचा उतारा गावापासून काही अंतरावर, ओस्टकेर्केच्या वाटेवर, एका शेतकऱ्याच्या घरी होता. पांढऱ्या भिंती, तांबड्या कौलांचे उतरते छप्पर, अंगणात बीटच्या कंदांचा मोठा ढीग. घरधनी सत्तरी ओलांडलेले, मितभाषी, हाताला सदैव माती लागलेली. खारजमीन मला ठाऊक आहे, हे पुतणीने त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले, रबरी बूट दारात आणून ठेवले, आणि म्हणाले, ‘चला तर.’

त्या दुपारी त्यांनी मला जे दाखवले ते कोणत्याही प्रवासी-पुस्तकात सापडणार नाही. शेताच्या कडेने हातभर रुंद चर, तो मोठ्या ओहोळात, तो ओहोळ कालव्यात, आणि कालवा हाइस्टजवळ समुद्रात. भरतीचा समुद्र या शेतांहून उंच असतो; म्हणून पाणी सोडावयाचे ते केवळ ओहोटीच्या काही तासांत, दरवाजे उघडून. गावाजवळ दोन कालवे अगदी शेजारी-शेजारी वाहतात. त्यांतील एकाला लोक ‘लखलखणारा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘दुर्गंधी’. कारण लेये नदीत ज्या काळी अंबाडीसारखे जवसाचे देठ कुजवीत असत, त्या काळी तिचे सडके पाणी या दुसऱ्या कालव्यातून समुद्राकडे जाई. पहिला कालवा बेल्जियमच्या १८३० च्या स्वातंत्र्यानंतरचा. नवी सरहद्द पडल्याने जे पाणी पूर्वी डच मुलखातून जाई, त्याला स्वतःची वाट करून द्यावी लागली. सप्टेंबर १९४४ मध्ये कॅनडाच्या सैनिकांनी मूर्केर्केपाशी हे कालवे ओलांडून पलीकडे पाय रोवण्याचा प्रयत्न केला आणि तेथे त्यांची मोठी हानी झाली; ते सांगताना म्हातारबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

पाण्याची ही व्यवस्था पाहणारे मंडळ जमीनधारकच निवडतात, जमिनीप्रमाणे त्याचा कर भरतात, आणि त्याच्या प्रमुखाला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘बांधाचा सरदार’ असा होतो. आमच्याकडेही पूर्वी शिलोत्री असत, बाहेरकाठ्याची, म्हणजे बाहेरच्या बांधाची, राखण त्यांच्याकडे असे आणि बिघ्यामागे धान्याचा ठरलेला हिस्सा त्यांना मिळे, हे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि एक जुनी म्हण ऐकवली: ज्याला बांध घालावयाचा नाही, त्याने जमीन सोडावी.

मग मी मनोऱ्यावर मनात आलेला प्रश्न विचारला. खाडी भरली कशाने? ते चालता चालता थांबले. त्यांनी पायाखालच्या बांधाकडे बोट केले. शेतकरी खाडीकाठची खाजणे बांध घालून आत घेत गेले. जितकी खाजणे आत आली तितके भरतीचे पाणी कमी झाले. जितके पाणी कमी तितका ओहोटीचा ओढा मंद, आणि ओढा मंद झाला की गाळ वाहून न जाता तळाशी बसू लागला. ज्या बांधाने शेत दिले त्यानेच बंदर नेले. ‘काका,’ पुतणी म्हणाली, ‘ते म्हणतात, आमच्या पूर्वजांनी व्यापाऱ्यांचा समुद्र खाल्ला. त्याबद्दल त्यांना वाईट वाटतं, पण जमीन परत देणार नाहीत म्हणतात.’ दाम्मेची शांतता म्हणजे केवळ काळाने केलेली उपेक्षा, अशी माझी सकाळपर्यंत समजूत होती. ती त्या बांधावर संपली. ही शांतता कमावलेली आहे, तिची किंमत एका बंदराने चुकवली आहे, आणि ती रोज ओहोटीला दरवाजा उघडून राखावी लागते.

परतताना गुलाबी पायांच्या रानहंसांचा एक मोठा थवा शेतात उतरला. स्पिट्झबर्गनच्या हिमप्रदेशातून ते दर हिवाळ्यात या खाजणभूमीवर येतात. त्यांच्या कलकलाटात म्हातारबांनी मला विचारले, ‘तुमच्या उघाडीवर आता कोण असतं?’

मला खरे सांगावे लागले. आमच्या बांधाला बऱ्याच वर्षांपूर्वी खांड पडली. अर्ज झाले, पाहण्या झाल्या, मातीचा भराव मात्र झाला नाही. दोन पावसाळ्यांत उघाडी वाहून गेली, आणि वडिलांनी जेथे भात लावला त्या जमिनीवर आज तिवरांचे वन आहे. पुतणीने हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. ओहोळावरच्या विटांच्या पुलापाशी मात्र ते वाकले, खिशातून खडू काढला, आणि पावसाने काठोकाठ आलेल्या पाण्याच्या रेषेवर एक आडवी खूण केली. रात्री ओहोटी आहे, सकाळी पाहा, एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटाच पुलावर गेलो. पाणी खुणेच्या चार बोटे खाली उतरले होते.