गंज आणि रंग

उर्दूत ऐकायला जवळजवळ सारखे असे दोन शब्द आहेत. जीमने लिहिला तर 'जंग', म्हणजे लढाई. ज़ेने लिहिला तर 'ज़ंग', म्हणजे लोखंडाला लागणारा तांबूस रोग. पाचवीच्या वर्गात इमला लिहून घेताना निम्मी मुले एकाच्या जागी दुसरा लिहितात आणि तलवारीला लढाई चिकटते. मराठीत या रोगाला आपण गंज म्हणतो. गंमत अशी की फारसी-उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. बाबा फरीदांच्या नावापुढे 'गंजशकर' लागते ते याच अर्थाने. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना असे शब्द रोजच भेटतात. पण या गंजाचा मी खरा विचार केला तो आमच्या गाडीमुळे.

अब्बा कुवेतहून कायमचे परतले आणि 2004 साली त्यांनी पांढरी मारुती 800 घेतली. 1983 साली रस्त्यावर आलेली आणि 2014 च्या जानेवारीत जिचे उत्पादन थांबले, ती ही गाडी. तिने आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना पहिल्यांदा चार चाके दिली. चिपळूणच्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा गाड्या मोजक्याच होत्या. मी अठरा वर्षांची झाल्यावर अब्बांनी मला ती चालवायला शिकवली. त्यावर एक-दोन बुजुर्गांनी त्यांना जुम्याच्या नमाजनंतर थांबवून नाराजी सांगितली. अब्बा एवढेच म्हणाले, "मी तिकडे असताना रात्री-अपरात्री घरात कुणाला दुखलं-खुपलं तर दवाखान्यात न्यायला कोण होतं?" पुढे त्याच बुजुर्गांपैकी एकांच्या सुनेला बाळंतपणासाठी मध्यरात्री मीच घेऊन गेले. त्यानंतर कुणी काही बोलले नाही.

2018 मध्ये अब्बा गेले आणि गाडी माझ्या नावावर झाली. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळुणात जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. गाडी दाराशीच उभी होती. पाणी ओसरले तेव्हा सीटवर चिखलाचा थर होता आणि डॅशबोर्डवर कुणाच्या तरी दुकानातली प्लास्टिकची चाळणी अडकलेली होती. इंजिन खोलून धुतले, वायरिंग बदलले, सीटची कव्हरे नवी केली. गाडी सुरू झाली. शेजारच्या कितीतरी घरांचे संसार वाहून गेले होते, त्या मानाने आमचे नुकसान काहीच नव्हते.

पण गाडीचा असा गंज बाहेरून आत जात नाही. तो आतून बाहेर येतो. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. चिखल सुकून ती बुजली की पाणी दरवाजाच्या पोटात साठून राहते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो आणि त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग वाढतो. माझी शाळा खाडीकाठी आहे, तिथे वाऱ्यालाही खारट चव असते. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ते आतून रंगाला ढकलत राहते. आधी रंगावर मुगाएवढा फुगवटा येतो, मग तो फुटतो. आपल्याला वाटते गंज आजच लागला, पण तो आत दोन-तीन वर्षे आरामात राहत असतो.

2024 मध्ये गाडीला वीस वर्षे पुरी झाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीसाठी हे शुल्क 5000 रुपये झाले होते, शिवाय पर्यावरण कर. (वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10000 झाले आहे.) म्हणजे गाडी ठेवायची की काढायची, हे एकदा ठरवणे भाग होते.

मी गाडी डेंटर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मॅट उचलले आणि पेचकस घेऊन ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्यावर टेकवला. फार जोरही लावला नाही. पेचकस आरपार गेला आणि त्या भोकातून खालची जमीन दिसली.

"बाई, दोन रस्ते आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक म्हणजे वरून घासतो, लांबी भरतो, पूर्ण गाडीला रंग मारतो. अठ्ठावीस हजार. आठ दिवसांत गाडी नवरीसारखी दिसेल."

"आणि टिकेल किती?"

"एक पावसाळा. फार तर दीड. मग फुगवटे परत येतील."

"दुसरा?"

"सीट काढायच्या, सडका पत्रा कापायचा, नवा वेल्डिंग करून बसवायचा. रेड ऑक्साइड, खालून अंडरकोटिंग. बावीस हजार. रंग फक्त जिथं कापलं तिथं. पण सांगतो, गाडी ठिगळ लावल्यासारखी दिसेल. जुन्या पांढऱ्याला नवा पांढरा कधी जुळत नाही."

दोन्ही करायचे तर पन्नास हजार. तेवढी त्या गाडीची बाजारात किंमतही नव्हती.

मुंब्र्याहून भाईजानचा फोन आला. त्यांचा सल्ला सरळ होता. रंग मारा आणि विकून टाका. गिऱ्हाईकही होते. मोहल्ल्यातलाच एक नवा-नवा लग्न झालेला मुलगा चांगल्या रंगातल्या गाडीचे पंचावन्न हजार द्यायला तयार होता. भाईजान म्हणाले, "जुनी गाडी घेणाऱ्याला माहीत असतं ती जुनी आहे. रंग मारून दिली तर तोही खूश, आपणही खूश."

"आणि खालचा पत्रा?"

"ते त्याने बघून घ्यावं. आपण कुठे काही लपवतोय?"

"भाईजान, तुम्ही सेकंडहँड गाडी घ्यायला गेला होतात तेव्हा खिशात चुंबक घेऊन गेला होतात ना?"

भाईजान हसले. लोखंडावर चुंबक चिकटतो, लांबीवर चिकटत नाही. गाडीच्या अंगावर तो फिरवला की कुठे काय भरले आहे ते कळते. विकत घेताना आपण चुंबक नेतो आणि विकताना समोरच्याने तो आणू नये अशी आशा धरतो.

भाईजानचे म्हणणे मी उडवून लावत नाही. बाजार असाच चालतो आणि पंचावन्न हजारांची आम्हाला गरज नव्हती असेही नाही. पण त्या दिवसांत सहावीच्या मुलांना मी हदीसमधला एक प्रसंग सांगत होते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले बोटांना ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की पावसात भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे स्पष्ट सांगितले. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट जाणवते. धान्य भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, पाऊस काही त्याने पाडला नव्हता. प्रश्न फक्त वर काय ठेवले याचा होता. आमच्या गाडीलाही पूर आम्ही आणला नव्हता. ती पुरात बुडाली होती हे आम्ही वर ठेवणार की खाली, एवढेच आमच्या हातात होते.

आणखी एक आठवले. कुरआनमधली त्र्याऐंशीवी सूरा मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे लोक. त्याच सूरेत पुढे माणसांच्या कर्मांनी त्यांच्या हृदयावर चढणाऱ्या थराचा उल्लेख येतो आणि उर्दू तर्जुम्यांत त्यासाठी 'ज़ंग' हा शब्द वापरलेला आढळतो. मापातली लबाडी आणि मनावरचा गंज एकाच सूरेत यावेत, यावर मी पूर्वी थांबले नव्हते. या वेळी थांबले.

मग रंग मारणेच वाईट का? तसे नाही. रंगाची कामे दोन, झाकणे आणि राखणे. कोकणातले मच्छीमार पावसाळ्याच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी करतात, फटी बुजवतात आणि मगच रंग लावतात. तिथे रंग लाकडाला पाण्यापासून राखतो. कुजक्या फळीवर नुसता रंग फासून कोणी समुद्रात जात नाही, कारण तिथे गिऱ्हाईक दुसरे नसते, होडीत आपणच बसणार असतो. मिस्त्री ज्याला रेड ऑक्साइड म्हणतात त्या प्रायमरचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. गंजही मुळात त्याच जातीचा. पण तो साफ केलेल्या धातूवर प्रायमरमधून नीट बसला की राखतो आणि पोटात लपून राहिला की खातो.

आपल्या समाजातही झाकण्याचा रंग पुष्कळ चालतो. आखातातल्या पैशाने बांधलेले कितीतरी बंगले गावोगावी कुलूपबंद उभे आहेत. ईद आली, लग्न निघाले की बाहेरून रंग लागतो, आत ओल तशीच. घरात काय चालले आहे यापेक्षा लोकांना काय दिसते याची काळजी आपण जास्त करतो. मुलीचे शिक्षण मध्येच थांबवून तिच्या लग्नाच्या मंडपावर खर्च करणारी घरे मी शिक्षिका म्हणून दरवर्षी पाहते. तो हिशेब मला मिस्त्रींच्या पहिल्या रस्त्यासारखाच वाटतो. आठ दिवसांची नवरी आणि एका पावसाळ्याचा टिकाव.

मी त्या मुलाला मिस्त्रींच्या शेडमध्ये बोलावले आणि मॅट उचलून पत्रा दाखवला. पूर, इंजिन, वायरिंग सगळे सांगितले. सीटचे बोल्ट आणि पट्ट्याचा आधार जिथे आहेत त्याच्याजवळच पत्रा सडला आहे, धडक बसली तर सीट जागेवर राहील याचा भरवसा नाही, हेही मिस्त्रींनी त्याला समजावले. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "टीचर, मग नको." भाईजान पुढचा आठवडाभर फोनवर तुटक बोलत होते. अम्मीने मात्र विचारले, "त्याच्या बायकोला त्या सीटवर बसवून तुला झोप आली असती का?"

आम्ही दुसरा रस्ता धरला. बावीस हजार दोन हप्त्यांत दिले. एक दरवाजा तर दुरुस्तीपलीकडे गेला होता, मिस्त्रींनी कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारातून त्या जागी दुसरा मागवला. तो निळा निघाला. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओच्या पुस्तकात नोंद करावी लागते, म्हणून दरवाजाच पांढरा करून घेतला, पण त्याची पांढरी छटा वेगळीच आहे. तपासणीत गाडी पास झाली. नोंदणी 2029 पर्यंत वाढली.

आता शाळेत मुले तिला 'चितकबरी' म्हणतात. एका लग्नाला गेले तेव्हा पार्किंगवाल्या पोराने तिला मागच्या बाजूला, जनरेटरजवळ लावायला सांगितले. मी लावली. सीटखालचा पत्रा आता पक्का आहे. दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, दरवाजांच्या तळाची भोके मी एका तारेने मोकळी करते आणि गुहागरच्या किनाऱ्यावरून आले की गोड्या पाण्याने गाडी खालून धुते. अब्बाही हेच करायचे. अर्ध्या तासाचे काम आहे. पैसे लागत नाहीत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसतही नाही.