जातो नाही, येतो म्हण!

माझ्या पहिल्या नोकरीतला शेवटचा दिवस मला फारसा आठवत नाही. केक मात्र लख्ख आठवतो. ब्लॅक फॉरेस्ट, आणि त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं! 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे ज्या ऑफिसात तीन वर्षं दर सोमवारच्या मीटिंगमध्ये ऐकलं, त्याच ऑफिसात केक कापून जागेवर येईपर्यंत माझा ईमेल बंद झालेला होता. पुढे रिलीव्हिंग लेटरसाठी चार महिने फोन करत राहिले. दर वेळी एचआरमधली मुलगी गोड आवाजात सांगायची, "प्रोसेसमध्ये आहे, मॅम."

तुमच्यापैकी निम्म्या जणांनी आत्ता मान डोलावली असणार, माहितीये मला.

हे सगळं रडगाणं मी कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत बसून माझ्या मावसभावाला ऐकवत होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्यानं शांतपणे कॉफी संपवली, कप बाजूला सारला आणि म्हणाला, "चारच महिने ना? माझा अख्खा सीझन गेला होता. वर गुडघा."

मी गप्प!

दादा म्हणजे पंचवटीतल्या एका कबड्डी मंडळाचा डावा कोपरा. ज्यांची कबड्डी टीव्हीवरच सुरू झाली त्यांच्यासाठी सांगते, हा कोपऱ्यातला गडी म्हणजे बचावाचा कणा. चढाईपटू बोनस घ्यायला पाय पुढे टाकतो, त्या अर्ध्या सेकंदात याचा हात त्याच्या घोट्यावर पडायला हवा. चुकला तर पॉइंट गेला, आणि पकड बसली तर अख्खं मैदान उभं! दादाची बसायची. सहावीत असल्यापासून तो मंडळात होता. तिथले सर सातपूरच्या एका कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट संपली की घरी न जाता थेट ग्राउंडवर. दादाचे पहिले शूज त्यांनी घेऊन दिले. स्पर्धेला जायचं एसटीचं तिकीट, उकडलेली अंडी, दूध, बँडेज, सगळं त्यांच्या खिशातून. मावशी तर म्हणायची, "याला मी जन्माला घातलं एवढंच, वाढवलाय सरांनी."

२०१६ मध्ये दादाला पुण्याच्या एका संघाकडून बोलावणं आलं. महिन्याला ठरावीक पैसे, राहायची सोय आणि पुढेमागे नोकरीची आशा. तेव्हा प्रो कबड्डी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. गल्लीतला प्रत्येक पोरगा स्वप्नात मॅटवर खेळत होता. दादाला फक्त एक कागद हवा होता. मंडळाचं ना हरकत पत्र.

सरांनी नाही म्हटलं नाही. तेच तर वाईट. ते म्हणाले, "मंडळानं तुला घडवलं आणि आता तू चालला?" आणि मग सुरू झाली टोलवाटोलवी. अध्यक्ष गावाला गेलेत. शिक्का कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे आहे. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. थोडक्यात काय, 'प्रोसेसमध्ये आहे, मॅम'! दरम्यान कुणीतरी दादाला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं. दहा वर्षांच्या नात्याचा निरोप एका ओळीत : 'यू वेअर रिमूव्ह्ड.'

त्या सीझनला दादा ना इकडचा, ना तिकडचा. हात शिवशिवत होते म्हणून मित्रांच्या एका संघाकडून गावच्या जत्रेतल्या इनामी स्पर्धेत उतरला. टणक जमीन, हॅलोजनचा उजेड, आणि एका पकडीत गुडघा फिरला. एसीएल. म्हणजे गुडघ्यातला तो दोर, जो तुटेपर्यंत त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. ऑपरेशन, मग कित्येक महिन्यांचा व्यायाम. नोंदणी एका मंडळात, मन दुसऱ्या संघात, आणि दुखापत तिसऱ्याच ठिकाणी. मग बिल कुणाचं? मावशीच्या बांगड्यांचं, दुसऱ्या कुणाचं असणार! पुण्याच्या संघानं दुसरा कोपरा शोधला. दादा आज अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जिना उतरताना अजून कठडा धरतो.

बरीच वर्षं माझ्या डोक्यात या स्टोरीचा व्हिलन पक्का होता. सर! पण फ्रीलान्सिंग करताना खेळावर लिहायला लागले आणि माझा हा सोपा हिशेब जरा बिघडला.

म्हणजे बघा. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला, तेव्हा सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. मस्तच आहे! कबड्डीपटूला कोटीत पैसे मिळावेत, यात वाईट काय? पण पोराला बारा वर्षांचा असताना पहिले शूज घेऊन देणाऱ्या माणसाचं काय? फुटबॉलमध्ये फिफाचा याबाबत एक छान नियम आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या क्लबकडे गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लब्जमध्ये वाटले जातात. कल्पना करा, पंचवटीतल्या आमच्या मंडळाला असा एखादा चेक आला असता तर? सर स्वतः पेढे वाटत दादाला स्टँडवर सोडायला गेले असते. प्रत्यक्षात दादा गेल्यावर त्यांच्या हाती उरणार होता तो एक रिकामा डावा कोपरा. मग त्यांच्याकडे जी एकच ताकद होती ती त्यांनी वापरली. शिक्का.

चूकच केली. पण का केली, ते मला आता कळतं.

आणि निष्ठेचं म्हणाल तर वरच्या पातळीवर तिचा फंडा एकदम क्लिअर आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईचंच बघा ना. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली, फायनलमध्ये हरियाणा स्टीलर्सला हरवून. पुढच्या सीझनसाठी पलटणनं त्याला कायम ठेवलं नाही. त्याला घेतलं कुणी? त्याच हरियाणानं, २ कोटी ७ लाखांना. आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणा चॅम्पियन झाली, तीही पुण्यात, बालेवाडीला! २०२५ मध्ये तो गुजरातकडे गेला. करार संपला, लिलाव झाला, नवा करार सुरू. तिथं कपाटाची किल्ली हरवत नाही, कारण कोण कधी सुटणार हे आधीच कागदावर लिहिलेलं असतं.

गुडघ्यांचंही तसंच. हाच पवन सेहरावत २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला, पहिल्याच मॅचमध्ये गुडघा दुखावला आणि सगळा सीझन बाहेर बसला. पुढच्या वर्षी त्याची किंमत उलट वाढली. दादा आणि पवन, दुखावला दोघांचाही गुडघाच. फरक इतकाच, की पवन दुखापतीच्या दिवशी कुणाच्या तरी यादीत होता.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग भरली होती. आपल्याकडची या खेळाची पहिलीच फ्रँचायझी लीग, सहा संघ, एका बाजूला सात खेळाडू. मी लिहायला म्हणून निघाले आणि दादाला गाडीत घातलं. पाच मिनिटं बघून त्यानं निकाल दिला, "ही तर बॉल घेऊन कबड्डी!" पकड तीच, धडक तीच. पण त्याचं लक्ष होतं मैदानाच्या कडेला. बॅग घेऊन तयारीत बसलेल्या फिजिओंकडे. मी त्याला सांगितलं, की मोठ्या रग्बीत डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला, तरी खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात आणि त्या तपासणीत तो नापास झाला तर त्या दिवशी परत आत सोडत नाहीत. कॅप्टन ओरडू दे नाहीतर पब्लिक.

अर्थात रग्बीवाले काही साधुसंत नाहीत. हे शहाणपण त्यांना फार महागात पडलंय. २००३ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन, त्यानं २०२० मध्ये जाहीर केलं की त्याला कमी वयातच डिमेन्शिया झालाय. तो वर्ल्ड कप जिंकल्याचं त्याला आठवतच नाही! आणि निष्ठा? २०२२ मध्ये वूस्टर वॉरियर्स आणि वॉस्प्स हे इंग्लंडचे दोन मोठे क्लब ऐन सीझनमध्ये पैशांअभावी कोसळले. अनेक वर्षं एकाच जर्सीत खेळलेले खेळाडू एका आठवड्यात बेकार. खेळाडूनं क्लब सोडला तर तो गद्दार. क्लबनंच खेळाडूला सोडलं तर? त्यासाठी शिवीसुद्धा नाही आपल्याकडे.

परतताना कसारा घाटात दादा एकदम म्हणाला, "सरांकडे जाऊ या का एकदा?"

नऊ वर्षांत तो त्या ग्राउंडवर पाय ठेवायला गेला नव्हता. सर आता रिटायर झालेत, केस पांढरे, पण शिट्टी तीच. दोघंही आधी पावसावर बोलले. मग मिसळीवर. नाशिककरांचा अवघड विषय टाळायचा हा हमखास उपाय! शेवटी दादा म्हणाला, "सर, पोरांच्या गुडघ्यांचं काहीतरी करू या." बस्स. तेवढंच. एनओसीचा 'ए' दोघांनीही काढला नाही.

मग दादानं कारखान्यातल्या सेफ्टीच्या बोर्डसारखा एक कागद तयार केला. मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावलाय. चारच ओळी. नोंदणी करतानाच पोराला आणि त्याच्या आईवडिलांना सांगायचं की सोडायचं असेल तर पत्र १५ दिवसांत मिळेल. प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेश फीमागे थोडी रक्कम दुखापतीच्या डब्यात. डॉक्टर सांगेपर्यंत दुखापत झालेला पोरगा मॅटवर नाही, फायनल असली तरी. आणि शेवटची ओळ सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली : मंडळ सोडलेल्या खेळाडूला ग्रुपमधून काढायचं नाही.

ती ओळ वाचून दादा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. बराच वेळ लागला त्याला पाणी प्यायला.

परीक्षा लगेचच झाली. दिवाळीनंतर मंडळातला सर्वांत चलाख चढाईपटू, सतरा वर्षांचा, त्याला पुण्याहून बोलावणं आलं. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं, शिक्का मारला, घडी घालून पोराच्या हातात दिलं. मीही तिथंच होते. पोरगं वाकून पाया पडलं आणि म्हणालं, "जातो सर."

"जातो नाही म्हणायचं रे," सर म्हणाले. "येतो म्हण."

लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय आपण हे. आजी दारात उभी राहून सांगायची, तेव्हा मला ती शुभ-अशुभाची भानगड वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, यात जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याची जबाबदारी जास्त आहे. समोरच्याला 'येतो' म्हणावंसं वाटेल असं दार आपण ठेवायचं. निष्ठा निष्ठा म्हणतात ती हीच असावी. माणूस थांबला यात ती दिसेलच असं नाही, पण तो परत आला तर नक्की दिसते.

बाइकवरून घरी येताना दादा सिग्नलला थांबला. मागे न बघताच म्हणाला, "मला नऊ वर्षं लागली येतो म्हणायला."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न मारला. मी काहीच बोलले नाही.

बाय द वे, तुमच्या टीममधलं कुणी या महिन्यात पेपर टाकतंय का? मग केकवरच्या नावाचं स्पेलिंग तेवढं आधी तपासा. आणि हो, लेटर वेळेवर द्या!